राहिलेली संजा

उज्जैनच्या माणसाला कुणी घरी आलं की आनंद होतो, हे खरंच. पण आलेला माणूस कधी जाणार हे कळल्याशिवाय त्या आनंदाला बूड येत नाही. नानाखेड्याच्या बसस्टँडमागे जी कॉलनी आहे, तिथल्या बायका तर या बाबतीत अगदी मोकळ्या मनाच्या. देवश्री पुण्याहून दोन मोठ्या बॅगा, एक कॉम्प्युटर आणि एक प्रोजेक्टर घेऊन आईकडे उतरली, त्या आठवड्यात कॉलनीतल्या प्रत्येकीने तिला एकेकदा विचारून घेतलं, "कितने दिन हो?" यात वाईट काही नव्हतं. माहेरी आलेल्या लेकीला सगळीकडे हेच विचारतात. देवश्री म्हणायची, "देखते हैं." दिवाळी गेली, होळी गेली, तसा त्या प्रश्नाचा सूर बदलत गेला आणि मग एक दिवस प्रश्न यायचाच बंद झाला. उत्तर सगळ्यांनी आपापलं शोधून घेतलं होतं. 'पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई', अशी म्हण आहे आपल्यात. माहेरी राहिलेल्या लेकीचं पुढे काय जातं, ते म्हण रचणाऱ्याने सांगितलेलं नाही. बरंच केलं.

आईने मात्र कधीच काही विचारलं नाही. वासंतीबाई फ्रीगंजच्या एका शाळेत मुलांना मराठी आणि चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. देवश्रीचे वडील बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून इथे आले, इथेच घर बांधलं आणि चार वर्षांपूर्वी इथेच गेले. लेक लग्न मोडून आली तेव्हा वासंतीबाईंनी आतली खोली रिकामी करून दिली, तिच्या कॉम्प्युटरसाठी इलेक्ट्रिशियनला बोलावून वेगळी वायर ओढून घेतली आणि त्या विषयावर पडदा टाकला. का आलीस, किती दिवस, पुढे काय, एक शब्द नाही. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, काय समजूतदार आई! देवश्रीला वाटायचं, आई विचारत नाही कारण तिला उत्तराची भीती वाटते. ज्या घरात 'तू जाणार कधी' हे कुणी विचारत नाही, तिथे माणूस रोज उठून स्वतःच ते स्वतःला विचारतो.

देवश्री चित्रकार होती, पण तिच्या हातात कधी ब्रश दिसायचा नाही, म्हणून कॉलनीच्या हिशेबी ती 'कंप्यूटर पे कुछ करती है' या खात्यात जमा होती. ती एआयकडून चित्रं काढून घ्यायची. म्हणजे यंत्राला एखाद्या गोष्टीचे पुष्कळ नमुने दाखवायचे, त्याला ती गोष्ट शिकू द्यायची आणि मग त्याने स्वतःहून काय काढलं ते बघायचं. पुण्यात तिची दोन प्रदर्शनं झाली होती, लोकांनी वाहवा केली होती. पण कॉलनीतला कुणी पुण्याला गेला नव्हता आणि वाहवा काही कुरिअरने येत नाही.

आता संजाविषयी सांगायला हवं, कारण उज्जैनबाहेरच्या वाचकाला ती ठाऊक असण्याचं कारण नाही. माळव्यात पितृपक्षातले दिवस म्हणजे मुलींचे दिवस. भाद्रपद पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी कॉलनीतल्या पोरी घराबाहेरच्या भिंतीवर शेणाने एकेक आकृती काढतात, ती फुलांनी सजवतात, दिवा लावून गाणी म्हणतात. आज पाच कुंवारे, उद्या पंखा, परवा म्हातारा-म्हातारी. आदल्या दिवसाची आकृती खरवडायची आणि टोपलीत ठेवायची. शेवटी किलाकोट नावाचा मोठा किल्ला काढायचा, त्यात सगळं येतं. आणि अमावास्येला सगळंच खरवडून टोपली क्षिप्रेत सोडून द्यायची. कारण संजा ही लेक आहे. माहेरी चार दिवस आली, खेळली, खाल्लं-प्यायलं, आता सासरी गेलीच पाहिजे. पोरी नाचत-गात तिला घालवून येतात आणि घरी येऊन भूक भूक करतात.

मराठी घरांमध्ये हे नव्हतं. आपला भोंडला नवरात्रात. पण लहानपणी देवश्री शेजारच्या रामकन्या काकींच्या भिंतीपाशी जाऊन बसायची, पोरींबरोबर हात शेणाने भरून घ्यायची आणि अमावास्येला नदीवरून परत येताना दरवर्षी हमसून रडायची. बाकीच्या मुली हसायच्या. काकी म्हणायच्या, "पगली, अगले साल फिर आवेगी." देवश्रीला ते पटायचं नाही. जी घरात इतकी रमली तिला का घालवायचं, आणि तिला कुणी विचारलं का, की बाई, तुला जायचंय का?

चाळिशीला आल्यावर हाच प्रश्न घेऊन तिने काम सुरू केलं. मागच्या दोन पितृपक्षांत ती उज्जैनच्या गल्ल्या हिंडली, पार भैरवगढपर्यंत. भिंतीभिंतीवरच्या संजांचे फोटो काढले. मुलींना विचारून काढले, कुणी लाजली तर सोडून दिलं. मग त्या सगळ्या फोटोंवर यंत्राला शिकवलं. यंत्राने रोज दिवेलागणीला एक नवी आकृती काढायची, ती प्रोजेक्टरने आईच्या कंपाउंडच्या भिंतीवर उमटायची आणि उमटलेलं सगळं यंत्राने पुन्हा आपल्याच आठवणीत जमा करायचं. दुसऱ्या दिवशी त्यातूनच पुढचं सुचवायचं. एक मात्र तिने पक्कं ठरवलं होतं. ही संजा अमावास्येला जाणार नाही. ही राहणार.

भोपाळच्या एका नव्या कलादालनाचा पराग नावाचा क्युरेटर हे ऐकून फोनवरच खूश झाला. "कधीच न जाणारी संजा! देवश्रीजी, हेच तर पाहिजे. तुम्ही ती दिवाळीपर्यंत खंड न पाडता चालवून दाखवा, मग वर्षभर आमच्या मोठ्या हॉलमध्ये राहील." देवश्रीने फोन ठेवला तेव्हा तिचे कान गरम झाले होते. मोठा हॉल, वर्षभर, दाराशी तिच्या नावाची पाटी. मग कुणी म्हणणार नव्हतं की ही आईकडे बसून आहे.

"पितृपक्षात नवीन काम सुरू करतात का कुणी?" आई एवढंच म्हणाली.

"संजा पितृपक्षातच असते, आई."

"मग राहू दे. मी आपलं बोलले." आणि वासंतीबाईंनी भिंतीवरचे जुने पोपडे खरवडून काढले, चुना आणला आणि दोन दिवस खपून भिंत स्वच्छ पांढरी करून दिली. बोलण्यात कंजूस आणि कामात उधळी, अशी बाई.

पहिल्या संध्याकाळी कॉलनी लोटली. भिंतीवर अंधारातून हळूहळू शेणाच्या रंगाची रेघ उमटत गेली, तिच्यावर कण्हेरीच्या पाकळ्या चिकटत गेल्या आणि पोरींनी एकच गलका केला. रामकन्या काकी कमरेवर हात ठेवून पुढे झाल्या, भिंतीला नाक लावून आल्या.

"गोबर की बास नहीं आती," त्यांनी निकाल दिला. "पर छोरी सुंदर है."

मग रोजचाच मेळा झाला. काकींच्या भिंतीवरची खरी संजा झाली की पोरी धावत इकडे यायच्या, यंत्राने आज काय दिवे लावलेत ते बघायला. यंत्राचा घोळ व्हायचाच. म्हातारा-म्हातारीच्या दिवशी त्याने दोघांना मिळून तीन पाय काढले, आणि पोरी इतक्या हसल्या की एकीला उचकी लागली. पंख्याला त्याने शेपूट काढलं. का, ते त्यालाच माहीत. आरती झाली की प्रसाद ओळखायचा खेळ असतो, आपल्या खिरापतीसारखाच. वासंतीबाई झाकलेला डबा घेऊन यायच्या, आणि माळव्यातल्या पोरींना साटोरी कुठून ओळखू येणार? "लड्डू! बर्फी! सेंव!" वासंतीबाई मान हलवत राहायच्या, चेहरा अगदी गंभीर, आणि डबा उघडल्यावर पोरींपेक्षा जास्त त्याच खूश व्हायच्या. वडील गेल्यानंतर आईला असं हसताना देवश्रीने पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, जमलं. आपण या घराला काहीतरी दिलं.

अमावास्या आली. काकींच्या पोरींनी किलाकोट खरवडला, टोपल्या भरल्या, रिक्षात कोंबून सगळ्या नदीवर गेल्या. परत आल्या तेव्हा देवश्रीच्या भिंतीवर यंत्राचा किलाकोट लखलखत होता. काकी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"म्हारी तो गई," त्या म्हणाल्या. "थारी कब जावेगी?"

"मेरी नहीं जाएगी, काकी. यहीं रहेगी."

"यहीं? कब तक?"

"हमेशा."

काकींना आधी वाटलं, पोरगी मस्करी करते आहे. मग कळलं की नाही. त्यांचा चेहरा उतरला. त्या मनाने वाईट नव्हत्या, देवश्रीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, पण जीभ त्यांच्या ताब्यात कधीच नव्हती.

"ऐसा नहीं करते, बेटा. छोरी को विदा करना पड़ता है. बाप के घर बैठी छोरी..." एवढं बोलून त्या थांबल्या. पण बंदुकीतून गोळी सुटल्यावर मग थांबून काय उपयोग?

वासंतीबाई हातातल्या डब्याचं झाकण उगीच घट्ट करत राहिल्या. देवश्रीने आईकडे पाहिलं. आता तरी बोलेल. म्हणेल, माझी मुलगी आहे, माझ्या घरात आहे, तुमचं काय जातं? आई म्हणाली, "रामकन्या, प्रसाद तो ले जाओ." बस. त्या संध्याकाळी तिने ठरवून टाकलं की आता काहीही झालं तरी ही संजा या भिंतीवरून हलणार नाही. तिने हट्टाचा झेंडाच रोवला म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी घरोघरी घट बसले. कॉलनीच्या टोकाला गरब्याचा मांडव लागला, पोरी तिकडे पांगल्या. देवश्रीच्या भिंतीपुढे दिवेलागणीला आता दोघीच असायच्या. देवश्री आणि आई. आई रोज न चुकता एक पणती आणून भिंतीच्या पायथ्याशी ठेवायची आणि आत निघून जायची.

आणि भिंतीवर काहीतरी बिघडायला लागलं. पहिल्यांदा देवश्रीच्याच लक्षात आलं, दुसरं कोण बघत होतं? किलाकोटाच्या पुढे काय असतं हे यंत्राला ठाऊकच नव्हतं. पुढच्या दिवसाचा फोटो कुठल्याही गल्लीत कुणी कधी काढलेला नव्हता, कारण पुढचा दिवस कुठल्याच भिंतीवर उगवत नाही. तेव्हा ते आपल्याच आधीच्या चित्रांवर चरायला लागलं. किल्ल्यात किल्ला काढला. त्यात आणखी एक किल्ला. कण्हेरीचं फूल एकदा जमलं होतं म्हणून तेच फूल पुन्हा, सगळीकडे, एकाच मापाचं. आपलंच उष्टं आपण खात बसलं, की चव कुठून येणार? म्हातारा-म्हातारीचे तीन पाय गेले, पंख्याचं शेपूट गेलं. चुका संपल्या तसं हसणंही संपलं. दसऱ्यापर्यंत भिंतीवर एक करडा, नीटस, गुळगुळीत जाळीदार नक्षीकामाचा तुकडा उरला. साडीच्या काठावर शोभला असता.

तिने जुने फोटो पुन्हा घातले, आकडे खालीवर केले, आकृती आठवणीत जमा करण्याचं प्रमाण कमी करून पाहिलं. दोन दिवस उजेड पडल्यासारखा वाटला, की पुन्हा तेच. बाहेरून ताजं काही येत नव्हतं. येणार कुठून? भिंती तर सगळ्या पांढऱ्या झाल्या होत्या, पोरी गरबा खेळत होत्या. पुढच्या भाद्रपदापर्यंत जगात कुठेही नवी संजा नव्हती.

पराग एका कामासाठी इंदूरला आला होता, तो वाट वाकडी करून बघायला आला. भिंतीपुढे हाताची घडी घालून बराच वेळ उभा राहिला.

"छान आहे," तो म्हणाला. "एकदम शांत, ध्यानासारखं."

"ती मेलेली आहे," देवश्री म्हणाली.

"अहो, असं काय म्हणता? आधीचं कुणी पाहिलंय? हॉलमध्ये येणारा माणूस पाच मिनिटं थांबतो, फोटो काढतो, पुढे जातो. त्याला हेच पहिलं. तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. हॉलमधल्या माणसाला खरंच काही कळलं नसतं. पाटी लागली असती, नाव झालं असतं. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती, तेवढं ढकललं की झालं. पराग चहा पिऊन गेला, आणि देवश्री ओट्याशी उभी राहून त्याचा कप उगीच दोनदा विसळत राहिली. तिला स्वतःचा राग आला होता आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. आई तेवढी होती. आई भाजी निवडत होती.

"देवू," आई खाली मान घालूनच म्हणाली, "ती थकली आहे का गं?"

"कोण?"

"आपली संजा. सुरुवातीला कशी मस्ती करायची. आता काही बोलतच नाही. मी रोज दिवा ठेवते ना, मला बघवत नाही तिच्याकडे." मग जरा थांबून, "पाठव आता तिला. खूप दिवस झाले. असं किती दिवस ठेवून घेणार? तिचंही कुठेतरी घर असेल."

देवश्रीने नळ बंद केला. इतके दिवस ज्या वाक्याची ती वाट बघत होती, ते शेवटी आलं होतं. आडून का होईना, आईने विचारलं होतं. खूप दिवस झाले. किती दिवस ठेवून घेणार. तिला रडू आलं नाही, उलट एक प्रकारचं हलकं वाटलं, दुखरा दात एकदाचा उपटून टाकल्यावर वाटतं तसं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पाठवते."

खोलीत जाऊन तिने परागला फोन केला. सांगितलं, की काम बंद करते आहे. संजाला पुढचा दिवस नसतो, आपण जबरदस्तीने दिला, आणि त्यात तिची तिला ओळख उरली नाही. पुढच्या वर्षी नव्याने शिकवीन, पितृपक्षापुरती, आणि अमावास्येला ती जे काही शिकली असेल ते पुसून टाकीन. दरवर्षी नवी. दालनाला तशी हवी असेल तर बोला. पराग म्हणाला, "पण आपलं ठरलं होतं ते हे नाही." मग म्हणाला, "विचार करून कळवतो." त्याच्या आवाजावरून विचार झालेला होता. मोठा हॉल गेला. मग देवश्रीने पुण्याच्या निहारिकाला, तिच्या जुन्या मैत्रिणीला, मेसेज टाकला: तुझ्याकडची खोली अजून रिकामी आहे का? दिवाळी झाली की येते. आईला यातलं काही सांगितलं नाही. संजाबरोबर आपणही निघायचं, हे तिने आईच्या वतीने ठरवून टाकलं. मायलेकी दोघींचं एकच दुखणं, न विचारता उत्तरं ठरवायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठवणी. आईने शेजारी जाऊन रामकन्या काकींना सांगितलं असणार, कारण दिवेलागणीला काकी पोरींचा ताफा घेऊन दारात हजर. अमावास्येनंतर त्यांनी या अंगणात पाय टाकला नव्हता. आज आल्या त्या देवश्रीच्या गालावरून हात फिरवूनच.

"देर से जाए तो भी विदा तो विदा," त्या म्हणाल्या. "गुस्सा मत रख."

भिंतीवर करडी नक्षी पसरली होती. एकीने विचारलं, "दीदी, ये वही है?" देवश्री म्हणाली, "हाँ." पोरींनी आवाज लावला, जाणाऱ्या संजाची गाणी सुरू झाली. एवढ्यात वासंतीबाई आतून आल्या. हातात ताट. ताटात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि एक नवा कोरा खण.

काकींनी डोळे बारीक केले. "ये क्या है, बहनजी?"

"ओटी. हमारे में लड़की जाती है तो भरते हैं." वासंतीबाई जराशा ओशाळल्या. "तुम्हारे में कैसे करते हैं मुझे नहीं मालूम. चलेगा ना? शादी तो हुई है ना इसकी?"

पोरी फिसकन हसल्या. काकीही हसल्या, म्हणाल्या, "चलेगा, चलेगा. संजा को कौन रोज-रोज कपड़ा देता है!"

पण देवश्रीला हसू आलं नाही. तिला ठाऊक होतं ते त्या अंगणात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. बाबा गेल्यापासून आईने कुणाची ओटी भरली नव्हती. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी भरू दिली नव्हती म्हणणं जास्त खरं. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, आई जायची आणि मागच्या रांगेत बसून कॉफी पिऊन यायची. तिनेही कधी हात पुढे केला नाही. हा खण तिने कधी आणला, कुणासाठी आणला? चार वर्षं बंद राहिलेले हात आज शेजारपाजाऱ्यांसमोर ताट घेऊन उभे होते. देवश्रीला कौतुक वाटलं. ही ओटी नावाला संजाची, खरी आपलीच, असं तिच्या मनात आलं. आई किती नीट निरोप देते आहे. राग तरी कसा धरायचा?

"चलो, आगे आओ बहनजी," काकी म्हणाल्या. त्या आता कामाला लागल्या होत्या, विधी म्हटला की त्यांच्या अंगात मुकादम यायचा. "जिसकी दीवार, वही विदा करे. यही नियम है. दूसरे के हाथ से छोरी जाती नहीं, अटक जाती है. आओ, दीवार आपकी है."

वासंतीबाई जागच्या हलल्या नाहीत.

"दीवार मेरी नहीं है," त्या म्हणाल्या.

"लो! और किसकी है?"

"इसकी." आईने हनुवटीने देवश्रीकडे दाखवलं, जणू सगळ्यांना माहीत असलेलीच गोष्ट काकींनी विचारली होती. "घर इसका है, तो दीवार भी इसकी. मैं तो बस चूना लगाती हूँ."

काकींनी एकदा आईकडे, एकदा देवश्रीकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मग, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, काही न बोलता मिटलं. पोरींचं गाणं चालूच होतं.

"आई," देवश्री कशीबशी म्हणाली. "काल तू म्हणालीस, खूप दिवस झाले. किती दिवस ठेवून घेणार. पाठव आता."

"तिला म्हटलं मी," आई म्हणाली. तिला खरंच काही कळलं नव्हतं, आणि मग कळलं. तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. "अगं बाई! तू काय समजलीस? तुला वाटलं, मी तुला..." ताटातले चार दाणे खाली सांडले. "ती पाहुणी आहे, देवू. पाहुण्याला विचारतात कधी जाणार. घरच्या माणसाला काय विचारायचं? म्हणून तर मी एवढे दिवस तोंड उघडलं नाही. मला वाटलं, विचारलं तर तुला वाटेल की तू परकी आहेस."

कॉलनीतल्या अर्ध्या बायका कुंपणापाशी उभ्या होत्या, त्यांना मराठी फारसं येत नव्हतं आणि तरीही सगळं कळत होतं. इतके दिवस देवश्री ज्या शांततेला घाबरत होती, ती शांतता म्हणजे आईने तिच्यासाठी घातलेलं पांघरूण होतं. आईने ताट तिच्या हातात दिलं. जड होतं.

"भर," आई म्हणाली. "मी सांगते तसं कर. आधी हळदकुंकू भिंतीला. आता खण पसर, त्यावर तांदूळ. नारळाची शेंडी तिच्याकडे. हं, अशी."

देवश्रीने भिंतीच्या पायाशी खण पसरला. आईच्या दोन्ही मुठी धरून तिने तिच्याकडूनही तांदूळ घालून घेतले, आणि बघणाऱ्या बायकांपैकी कुणीही काही म्हटलं नाही. करड्या नक्षीचा उजेड दोघींच्या हातांवर पडला होता. मग ती कॉम्प्युटरपाशी आली. मुलींच्या संजांचे फोटो तिने राहू दिले, त्या त्यांच्या आठवणी होत्या. यंत्राने जे शिकून ठेवलं होतं, ते पुसायचं होतं. यंत्राने विचारलं, खात्री आहे का? परत आणता येणार नाही.

आता तिला रडू आलं. लहानपणी नदीवर यायचं तसंच, हमसून. बोट कीबोर्डवर आणि डोळ्यांपुढे काही दिसेना.

आई मागे येऊन उभी राहिली. तिने देवश्रीच्या खांद्यावर हात ठेवला. सोळा वर्षांपूर्वी, लेकीची वरात निघताना, याच अंगणात आई कोरड्या डोळ्यांनी उभी होती, आणि देवश्रीने त्याचा अर्थ तेव्हाही चुकीचाच लावला होता.

"रडू नकोस," आई तिच्या कानाशी म्हणाली. "पाठवणारीने रडायचं नसतं गं. जाणारीचा पाय अडतो. ती दिसेनाशी होईपर्यंत हसायचं, मग आत जाऊन दार लावून हवं तेवढं रडायचं. मी तसंच केलं होतं."

देवश्रीने डोळे पुसले, भिंतीकडे बघून हसली, आणि बटण दाबलं.